नवे पोलीस ठाणे: पैसा मुंबईचा, जागा राजुऱ्याची

पोलिसांची नवी इमारत राज्य सरकारच्या पैशातून होते, नगर परिषदेच्या तिजोरीतून नाही. एवढे ठाऊक असले की गावातली माणसे पुढचे सगळे सरकारवर सोडून देतात. मग जागा कुठली, नकाशा कसा, तक्रार द्यायला आलेली बाई कुठे बसणार, जप्त केलेले ट्रक कुठे उभे राहणार, हे सारे गावाला न विचारता ठरून जाते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर वेळेत बोलायची सोय कायद्यात आहे. ती कुठे आहे आणि पैसा कोणत्या वाटेने येतो, हे राजुरा डोळ्यांपुढे ठेवून क्रमाने पाहू.

राजुऱ्यापुढचा पसारा

वर्धा नदीच्या अलीकडे बल्लारपूर, पलीकडे राजुरा. हा तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. कोरपना आणि जिवती हे आजचे तालुके त्याच जुन्या राजुऱ्यातून निघाले. पूर्वेला आणि उत्तरेला सास्तीसारख्या कोळसा खाणी, पश्चिमेला गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने, दक्षिणेला माणिकगडचे डोंगर आणि त्यापलीकडे तेलंगणा. जिवतीकडच्या काही गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात; तिथल्या घरांत दोन्हीकडची ओळखपत्रे सापडतात.

अशा गावातल्या पोलीस ठाण्यात एकाच दिवशी कोळशाच्या ट्रकचा अपघात, शेताच्या धुऱ्याचा वाद, कामगारांचे आंदोलन आणि हरवलेल्या मुलीची तक्रार येऊ शकते. तक्रारदार मराठी बोलेल, तेलुगू बोलेल, गोंडी किंवा कोलामी बोलेल, खाणीच्या वसाहतीतला असेल तर हिंदी. नव्या इमारतीची आखणी मंत्रालयातल्या नमुना नकाशापासून सुरू झाली तरी या माणसांपर्यंत तिला पोचावे लागते.

ठाणे वेगळे, इमारत वेगळी

‘नवे ठाणे द्या’ आणि ‘ठाण्याला नवी इमारत द्या’ या दोन मागण्या निवेदनांत नेहमी एकमेकींत मिसळतात, आणि त्यामुळे फाइल चुकीच्या टेबलावर जाते. पोलीस ठाणे म्हणजे कायद्याच्या भाषेत राज्य सरकारने तसे जाहीर केलेले ठिकाण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही व्याख्या कायम आहे. नवे ठाणे हवे तर हद्द ठरवावी लागते, अधिसूचना काढावी लागते आणि सर्वांत अवघड म्हणजे नवी पदे मंजूर करून घ्यावी लागतात. इमारत तयार, पण ठाणेदार आणि शिपायांची पदे मंजूर नाहीत, असे झाले तर कुलूपच पाहायला मिळते.

इमारतीची मागणी त्या मानाने सरळ आहे. तिचा प्रस्ताव ठाण्याकडून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांमार्फत चंद्रपूरला पोलीस अधीक्षकांकडे जातो, तिथून वर पोलीस महासंचालक कार्यालयाकडे आणि गृह विभागाकडे. आपल्या निवेदनात नेमकी कोणती मागणी आहे हे पहिल्या ओळीत लिहावे.

नगर परिषद पैसा का देत नाही

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा विषय राज्याच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. नगर परिषदेची कर्तव्ये १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषदा अधिनियमाने ठरतात: पाणी, दिवे, रस्ते, नाल्या, स्मशानभूमी, बाजार. पोलीस ठाणे बांधणे हे त्यांच्यापैकी नाही.

जगात सगळीकडे असे नाही. अमेरिकेत कितीतरी गावांचे पोलीस दल गावाचेच असते. नवे मुख्यालय हवे असेल तर गावाच्या सभेत आराखडा मांडतात, कर्जरोख्यांवर मतदान घेतात आणि घरपट्टी किती वाढेल हे आधी सांगतात. इंग्लंडमध्ये पोलिसांच्या खर्चाचा एक भाग स्थानिक करातून येतो आणि तो आकडा कराच्या बिलावर वेगळा छापलेला असतो. तिथल्या नागरिकाला आपण पोलिसांना किती देतो हे पैशांत ठाऊक असते, म्हणून इमारतीबद्दल तो अधिकाराने प्रश्न विचारतो. आपणही कर भरतोच, फक्त तो राज्याच्या तिजोरीत मिसळून जातो. त्यामुळे प्रश्न विचारण्याचा आपला हक्क तसूभरही कमी होत नाही.

लोकांच्या सभागृहातून पोलिसांचे मुख्यालय होण्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही सर्वांत मोठे. राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय मुंबईत ज्या इमारतीत आहे ती मुळात खलाशांसाठी बांधलेली. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तिला दोन लाख रुपये दिले, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि १८७६ मध्ये ती पुरी झाली. १९२८ मध्ये सरकारने ती विकत घेऊन तिथे मुंबई कायदे मंडळ बसवले. १९८१ मध्ये विधानभवन नरिमन पॉइंटच्या नव्या वास्तूत गेले आणि जुन्या सभागृहात पोलीस आले. मुंबईचे पोलीस आयुक्तालय मात्र पोलिसांसाठीच बांधलेले: क्रॉफर्ड मार्केटसमोर नोव्हेंबर १८९४ मध्ये काम सुरू झाले आणि डिसेंबर १८९६ मध्ये पोलीस तिथे राहायला गेले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती इमारत त्याच कामाला येते आहे. पोलीस इमारत एकदा उभी राहिली की पुढच्या चार पिढ्या तिच्यात तक्रार द्यायला येतात, म्हणून घाईने जागा निवडणे परवडत नाही.

पैशाच्या वाटा

मुख्य वाट म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प. पोलिसांच्या इमारतींवरचा भांडवली खर्च ४०५५ या मुख्य लेखाशीर्षाखाली दिसतो आणि निवासस्थानांचा ४२१६ खाली. पगार, पेट्रोल, किरकोळ दुरुस्ती हा रोजचा खर्च २०५५ मध्ये. आपल्या ठाण्याच्या कामाला पैसा मिळाला की नाही हे भाषणातून कळत नाही, ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकातल्या कामांच्या यादीत कळते. मार्चच्या अर्थसंकल्पात नाव आले नाही तर पुरवणी मागण्यांत यायची संधी असते. त्यासाठी नागपूरचे हिवाळी अधिवेशन विदर्भातल्या आमदारांना जवळचे पडते.

यादीत नाव आले म्हणजे पैसा आला असे नव्हे. कित्येक कामांना पहिल्या वर्षी नावापुरती तरतूद होते. अशा कामाचे भूमिपूजन होते, पाया खणला जातो आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचते. म्हणून विचारायचा प्रश्न असा: प्रशासकीय मान्यता किती रकमेची आणि यंदाची तरतूद किती?

प्रत्यक्ष बांधकाम दोन यंत्रणा करतात. एक सार्वजनिक बांधकाम विभाग. दुसरी, खास पोलिसांसाठी १९७४ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ. महामंडळाच्या नावात घरे असली तरी ठाण्यांच्या इमारतीही ते बांधते. माझ्या मते ठाणे आणि पोलिसांची घरे यांचा प्रस्ताव एकत्र जावा. रात्रपाळी करून पहाटे घरी जाणाऱ्या शिपायाला गळक्या खोलीत झोपवायचे आणि ठाण्याला मात्र काचेचा दर्शनी भाग द्यायचा, हा खर्चाचा क्रम उलटा आहे.

जिल्हा नियोजन समिती ही जवळची वाट. राज्यघटनेच्या कलम २४३ झेडडी नुसार तिच्यात किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असतात आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष. पोलिसांच्या गाड्या, सीसीटीव्ही, छोटी दुरुस्ती यांना अनेक जिल्ह्यांत या समितीचा पैसा मिळाला आहे. संपूर्ण ठाणे उभारण्याला तो सहसा अपुरा पडतो, पण कुंपणभिंत, अभ्यागत कक्ष, महिलांचे स्वच्छतागृह अशा कामांसाठी उपयोगी आहे.

केंद्राचा पैसा अटींसह येतो. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची योजना १९६९-७० पासून चालू आहे. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असा वाटा असतो. भर शस्त्रे, वाहने, दळणवळण यांवर. नक्षलग्रस्त भागासाठी तटबंदीयुक्त ठाण्यांची वेगळी योजना आली. तिच्यात दहा राज्यांत ४०० ठाणी मंजूर झाली, प्रत्येकी दोन कोटींचा खर्च धरला होता आणि केंद्राचा वाटा ८० टक्के होता. गडचिरोलीला लागू पडणारा हा हिशेब राजुऱ्याला आपोआप लागू होत नाही. योजनेच्या यादीत ठाण्याचे नाव असावे लागते.

खाणींचा आणि कारखान्यांचा पैसा

राजुऱ्यात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, एवढ्या खाणी आहेत, एवढे सिमेंटचे कारखाने आहेत, त्यांच्याकडून का घेऊ नये? इथे मी स्पष्ट विरोधात आहे.

खाण व खनिज कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसे भरावे लागतात. जुन्या पट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांसाठी १० टक्के. चंद्रपुरात हा निधी मोठा आहे. पण तो खाणीमुळे ज्यांचे पाणी आटले, ज्यांच्या छातीत धूळ गेली, ज्यांच्या शेतावर राख बसली त्यांच्यासाठी आहे. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना त्यात अग्रक्रम ठरवून दिला आहे. पोलिसांची इमारत सरकारने आपल्या पैशातून बांधावी.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबाबत आक्षेप आणखी गंभीर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ती कामे त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिली आहेत आणि पोलीस ठाणे बांधणे हे वेगळे काम म्हणून तिथे नाही. समजा कुठल्या तरी मथळ्याखाली ते बसवले, तरी उद्या त्याच कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी कामगार बसले, किंवा जमीन गेलेला शेतकरी तक्रार घेऊन आला, तर देणगीदाराची पाटी लागलेल्या ठाण्यात त्याने कोणत्या विश्वासाने पाऊल टाकायचे? ठाणेदार कितीही सरळ माणूस असो, त्याला अशा ओझ्याखाली ठेवू नये.

एक कोटीचे काम एक कोटीत होत नाही

अंदाजपत्रक ऐकताना हे लक्षात ठेवावे. राज्य दरसूचीप्रमाणे बांधकामाचा आकडा निघतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एक कोटीवर सरळ अठरा लाख. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर वेगळा. शिवाय वीज, पाणी, कुंपण, अंतर्गत रस्ता, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण, फर्निचर, अग्निशमन. फर्निचर आणि कॅमेरे मूळ अंदाजपत्रकात नसले तर उद्घाटनानंतर जुन्याच खुर्च्या नव्या खोलीत येतात.

जागा: पूर, जुने कागद आणि जंगल

राजुऱ्यात जागा निवडताना पहिला प्रश्न पुराचा. जुलै २०२२ च्या पुरात वर्धा नदीवरचा राजुरा-बल्लारपूर मार्ग बंद पडला होता. पुरात ज्यांना सर्वांत आधी बाहेर पडायचे त्यांचीच इमारत पाण्यात असून चालणार नाही. जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. ठाण्याची जागा लाल रेषेच्याही बाहेर असावी, असा आग्रह गावाने धरावा.

दुसरा प्रश्न मालकीचा. हा भाग पूर्वी हैदराबाद राज्यात असल्यामुळे जुन्या नोंदी आणि कुळकायदा उर्वरित विदर्भापेक्षा वेगळे आहेत. सातबारा स्वच्छ दिसला तरी मागच्या नोंदी तपासल्याशिवाय ताबा घेऊ नये. सरकारी जमीन असेल तर जिल्हाधिकारी ती गृह विभागाकडे वर्ग करू शकतात आणि वेळ वाचतो.

तिसरा, डोंगराकडच्या चौकीसाठी, जंगलाचा. वनहक्क कायदा २००६ नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा सुविधांना एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. पोलीस ठाणे त्या तेरांत नाही, त्याला वनसंवर्धन कायद्याची वाट धरावी लागते. जिवतीत वनजमिनीचा वाद आधीच लोकांच्या मानेवर बसलेला आहे. पोलिसांना मान्यता पटकन मिळाली आणि शेतकऱ्याचा पट्टा अडकूनच राहिला, तर नव्या चौकीची सुरुवातच कडवटपणाने होईल.

शहरात मात्र सोपा मार्ग आहे, तो म्हणजे विकास योजनेतले आरक्षण. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे प्रारूप विकास योजना जाहीर झाली की नागरिकांना ३० दिवसांत हरकती-सूचना देता येतात. आरक्षण पडले आणि दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढची मुदत संपली की आरक्षण उडते. याच कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे सरकारी खात्यालाही बांधकामाआधी किमान ३० दिवस नगर परिषदेला लेखी कळवावे लागते. नगर परिषदेचा पैसा नसला तरी नकाशा तिच्या टेबलावर येतो, तो इथे.

नकाशात कोण दिसते

१९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, १९८२ पासून ते गडचिरोलीत आहे. घरच्यांना बाहेर पाठवले गेले, मुलीला आत थांबवले, दिवे विझवले, दार लावले. ठाण्याच्या मागच्या बाजूला काय चालले आहे ते बाहेरच्या माणसांना दिसण्याची सोय नव्हती. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

आपल्याच भागातला हा इतिहास आहे. पोलीस ठाण्याचा नकाशा हातात आला की पहिल्यांदा मागची बाजू पाहावी: स्वच्छतागृहाकडे जाणारा रस्ता कुठून, तिथे उजेड आहे का, तो भाग ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून दिसतो का. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, निरीक्षकांची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, मागचा भाग, कुठलाही कोपरा कॅमेऱ्याबाहेर राहता कामा नये. चित्रणासोबत आवाज हवा आणि नोंद १८ महिने जपावी. जुन्या इमारतीत हे कॅमेरे ठोकून बसवावे लागतात. नव्या इमारतीत वायर, वीज आणि साठवणुकीची थंड खोली आधीच धरता येते.

नव्या कायद्यांनीही जागा मागितली आहे. अटक केलेल्यांची माहिती ठाण्यात ठळकपणे लावावी लागते, झडतीचे चित्रण करावे लागते, म्हणजे ते सांभाळायची खोली लागते. बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा असे २०१२ चा पॉक्सो कायदा म्हणतो. मुलाला कोठडीसमोरून नेऊन तो जबाब घेतला तर साध्या कपड्यांचा उपयोग काय? त्या खोलीला वेगळे दार हवे.

मग मुद्देमाल. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या काळात पकडलेल्या बाटल्या आणि गाड्या ठेवायला ठाण्यांची आवारे पुरेनात. आता रेतीचे ट्रॅक्टर, अपघाताचे ट्रक आहेत. खटला संपेपर्यंत ते उन्हापावसात गंजतात आणि पुरावाही खराब होतो. वाहनांचे आवार इमारतीच्या मागे, वेगळ्या फाटकाचे असावे.

आणि ऊन. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. जिवतीच्या डोंगरातून जीप किंवा एसटीने उतरलेला कोलाम म्हातारा दुपारी पोचतो. त्याला बसायला सावलीचा ओटा, पाण्याचा माठ आणि त्याची भाषा समजणारे कुणी हवे. ओटा आणि माठ नकाशात बसतात, भाषा पदांच्या प्रस्तावात. गडचिरोली पोलिसांनी ‘पोलीस दादालोरा खिडकी’ सुरू करून दाखले आणि सरकारी योजनांचे अर्ज ठाण्यातच भरून घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे ज्यांची कुठलीच तक्रार नाही अशी माणसेही पोलिसांकडे येऊ लागली. राजुऱ्याच्या नव्या इमारतीतही अशा खिडकीला जागा मिळावी.

चोवीस तासांत चौकी

गडचिरोलीत इमारतीचा वेग वेगळाच आहे. एटापल्ली तालुक्यात वांगेतुरीला नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि भामरागड तालुक्यात पेनगुंडाला डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी शेकडो जवान आणि यंत्रे लावून एका दिवसात पोलीस मदत केंद्रे उभी केली. तयार खोल्या, वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, विजेची सोय. तिथे धोका होता म्हणून तो वेग योग्यच होता. राजुऱ्याला तशी घाई नाही, तेव्हा इथे वेळ घेऊन लोकांना विचारता येते.

सभागृहात काय मागायचे

नगर परिषदेचा ठराव सरकारवर बंधनकारक नसतो, पण तो फाइलला लागतो आणि आमदाराला विधानसभेत हातात धरता येतो. ठरावात तीन गोष्टी नेमक्या असाव्यात: जागेचा सर्व्हे क्रमांक पूररेषेच्या दाखल्यासह, ठाण्यासोबत निवासस्थानांचा प्रस्ताव, आणि निविदेआधी नकाशा नागरिकांसमोर ठेवण्याची मागणी. बचत गटाच्या बायका, वकील संघ, ग्रामसभांचे प्रतिनिधी आणि निवृत्त पोलीस यांना त्या बैठकीला बोलवावे. वीस वर्षे ठाण्यात काढलेल्या हवालदाराला कुठली खोली अपुरी पडते हे वास्तुविशारदापेक्षा चांगले ठाऊक असते. सुरक्षेच्या कारणाने शस्त्रागाराचा तपशील दाखवणार नाहीत, तो मागूही नये. अभ्यागत कक्ष, महिला कक्ष, स्वच्छतागृहे आणि मागची बाजू मात्र दाखवायला काहीच अडचण नाही.

मान्यतेची रक्कम, तरतूद, कंत्राटदाराची मुदत हे माहितीच्या अधिकारात मिळते. दहा रुपयांचा अर्ज पुरतो. राजुऱ्याच्या नागरिकांनी तो अर्ज भूमिपूजनाच्या आधी करावा. कार्यारंभ आदेश निघाल्यावर नकाशा बदलायचा तर सुधारित मान्यता लागते, आणि तिची फाइल पुन्हा मुंबईला जाते.